टिंब्याचं पथ्य

दि. ४ मार्च

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

‘पंधरा दिवसांसाठी’ म्हणून तू टिंब्याला माझ्याकडे सोडून गेलास, त्याला काल चार महिने झाले. तुझं घर बदलणं, सामान लावणं, छकुलीची नवी शाळा, सगळं मान्य. पण पंधरा दिवस इतके ताणता येतात हे मला या वयात धाकट्या भावाकडून शिकायला मिळालं. रागावू नकोस, चिडवतेय. फोनवर चिडवता येत नाही. लॅबमधल्या कवळ्या घासायच्या मशीनने माझे कान कामातून गेलेत, तू बोलतोस आणि मला नुसतं घूंघूं ऐकू येतं. मोबाईलवर अंगठ्याने लिहिण्यापेक्षा तर मी भिंतीवर लिहीन.

आता मुद्द्याचं. टिंब्या वाढत का नाही, असं तू नेहमी म्हणायचास. दीड वर्षाचं कुत्रं अजून माझ्या लॅबच्या पिशवीत मावतं. गेल्या महिन्यात एकदा अंडं खाऊन झाल्यावर तो झिंगल्यासारखा झुलायला लागला. मग गोल गोल फिरला, आणि शेवटी कपाटाला डोकं टेकून अर्धा तास तसाच उभा. हाक मारली तरी मान वळेना. मला वाटलं, याचे कान माझ्यासारखे झाले की काय. दोनदा तसं झाल्यावर मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

त्यांनी जेवणाआधी आणि जेवणानंतर रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, तिथे स्वच्छ होतं आणि मग अंगभर फिरतं. टिंब्याच्या पोटात जन्मापासून एक जादा शीर आहे. ती यकृताला वळसा घालून परस्पर पुढे जाते. त्यामुळे सगळी घाण तशीच मेंदूत चढते, मांस-अंडी खाल्ली की जास्तच. ना त्याचा दोष, ना आपला.

तर आता पथ्य आहे. मांस बंद, अंडी बंद. मऊ भात, बटाटा, डॉक्टरीणबाई देतात ते खास खाणं, आणि तेसुद्धा दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. लॅबमध्ये कवळीची पावडर मोजायला जो काटा आहे त्याच्या जोडीचा जुना काटा मी मालकांकडून मागून आणलाय, त्यावर मोजून देते. शिवाय एक गोड सिरप, तीन वेळा. त्याने पोट पातळ होतं आणि पोटातलं विष बाहेर पडतं. दिवसातून तीनदा पातळ झालं की समजायचं, औषध लागू पडलं. बाजारातले चमचे त्याच्या तोंडात जात नाहीत म्हणून मी कवळीच्या गुलाबी मसाल्याचा एक चिमुकला चमचा ओतून घेतला. डॉक्टरीणबाई तो बघून इतक्या हसल्या की मलाही हसू आलं.

मोठ्या इस्पितळात ऑपरेशन होतं. त्या शिरेभोवती एक कडी बसवतात, ती हळूहळू शीर बंद करते. नाव नोंदवून येऊ का, कळव.

सौ. धाकटीला आणि छकुलीला आशीर्वाद. उत्तर पंधरा दिवसांत टाक. जगाचे पंधरा, तुझे नव्हेत.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघ, सातव्या दिवशी उत्तर. आता तरी टोमणे आवर.

टिंब्याचं वाचून वाईट वाटलं. पण तू एवढी जिवाचं रान करावंस असं त्यात काही नाही. ज्यांच्याकडून त्याला घेतला त्यांना मी लगेच फोन केला. ते सरळ माणूस निघाले. म्हणाले, पिल्लात जन्मजात खोट निघाली तर आम्ही परत घेतो आणि पुढच्या विणीतलं दुसरं देतो. फक्त कागद आणि कुत्रं दोन्ही आणून द्या. दुसरी वीण तयारच आहे म्हणे, अगदी टिंब्यासारखंच पांढरं, एका डोळ्यावर काळं.

तुला हे ऐकायला बरं वाटणार नाही, ठाऊक आहे. पण मी पंधरा वर्षं दुकानाच्या तक्रार-काउंटरवर उभा आहे. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, काय काय परत आलेलं पाहिलंय. ज्यात मुळातच दोष आहे ते दुरुस्त करत बसायचं नसतं, बदलून घ्यायचं असतं. परत घेतलेल्याचं ते काय करतात, हे मी विचारलं नाही आणि तूही विचारू नकोस. असं जगण्यात त्या मुक्या जिवाला तरी काय सुख आहे? छकुलीला मी काही सांगणार नाही. तिला फरक कळणारही नाही.

पंचवीस तारखेला रजा काढून येतो. त्याची टोपली आणि पट्टा काढून ठेव. ऑपरेशनबिपरेशनच्या भानगडीत पडू नकोस. स्वतःचे कान तपासून घे आधी.

सौ.चा नमस्कार. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
बाळ


दि. १७ मार्च

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

घाईघाईने लिहितेय, कारण बातमी चांगली आहे आणि तुझी रजा वाचणार आहे.

डॉक्टरीणबाईंकडे घोळ झाला होता. रक्ताच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. दुसऱ्याच कुणाच्या तरी कुत्र्याचं रक्त टिंब्याच्या नावावर लागलं. बिचाऱ्या फार ओशाळल्या. आमच्याकडेही होतं असं. गेल्या वर्षी एका निवृत्त मास्तरांची कवळी एका पहिलवानाच्या डब्यात गेली होती आणि दोघंही दोन दिवस ती बसवायचा प्रयत्न करत होते. तर सांगायचं म्हणजे, टिंब्याला काही झालेलं नाही. पुन्हा तपासलं, यकृत ठणठणीत. अंगानेच बारीक आहे, एवढंच. काल तर एक आख्खं अंडं खाऊन माझी चप्पल पळवली.

तेव्हा पंचवीसला येण्याची गरज नाही. बदलून घेण्यासारखं त्यात काही नाही. तू नवीन घर लाव. टिंब्याची मला अडचण होत नाही, उलट सोबत होते. राहू दे त्याला इथेच.

छकुलीला माझा पापा. असाच जीव लावून राहा.

तुझी,
ताई


दि. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दुकानातच हसलो. मास्तर आणि पहिलवान! सौ.ला वाचून दाखवलं तर तिला ठसका लागला.

चला, डोक्यावरचं ओझं उतरलं. आणि खरं सांगायचं तर तुझ्यावरचंही आता उतरवतो. घर लागलं आहे. मागच्या बाजूला छोटं अंगण आहे. तेवीस एप्रिलला छकुलीला सात वर्षं पुरी होतात. टिंब्या कधी येणार म्हणून ती रोज डोकं खाते. ठीकठाक असेल तर आता त्याला तुझ्याकडे ठेवण्यात काय अर्थ? बारा एप्रिलच्या रविवारी आम्ही दोघं येतो आणि त्याला घेऊन जातो.

चार-पाच महिने सांभाळलंस, त्याचं कौतुक करायला मला शब्द सापडत नाहीत. सापडले तर समोर आल्यावर सांगेन. तोवर लोभात कमी करू नकोस.

तुझा,
बाळ


दि. ३० मार्च

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

हे पत्र बसून, शांतपणे वाच. दुकानात वाचू नकोस.

मी तुझ्याशी खोटं बोलले. चिठ्ठ्या बदलल्या नव्हत्या. ते रक्त टिंब्याचंच होतं. मास्तर आणि पहिलवानसुद्धा मीच रचले. तू त्याला परत देणार म्हणालास आणि परत घेतलेल्याचं ते काय करतात हे तू विचारलं नाहीस. तू विचारलं नाहीस म्हणजे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्याला वाचवायला त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. चूक झाली. कान धरते.

पण आता जे लिहितेय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. त्याला मांस देऊ नका, अंडं देऊ नका. सिरप एक वेळही चुकवू नका. औषध चालू असल्यापासून तो एकदाही कपाटाशी उभा राहिला नाही. उडी मारतो, भुंकतो (असं शेजारी म्हणतात, मला काय ऐकू येणार), मी लॅबमधून आले की बूट काढेपर्यंत पायांत घुटमळतो. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, दोन मे. सर्जन म्हणाले की अशी दहातली आठ-नऊ कुत्री नीट होतात आणि मग आपलं पुरतं आयुष्य जगतात. बाळ, त्याला माझ्याकडे राहू दे. कागद तुझ्या नावावर आहेत, ते माझ्या नावावर कर. छकुलीला दुसरं पिल्लू आणा. ते अंगणात धावेल. हा तसा धावण्याइतका धडधाकट होईल की नाही ते दोन मेनंतर कळेल.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. हे मागते आहे.

तुझी,
ताई

ता. क. डॉक्टरीणबाईंचा कागद सोबत जोडला आहे. वाच.


दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. कागदही मिळाला. त्यावर चार ओळी आणि एक सही आहे. तशी सही आणि तसा शिक्का मी रोज काउंटरवर पाहतो. टीव्हीवर पाणी स्वतः सांडायचं आणि मेकॅनिकचा कागद आणायचा. माणसं वस्तू परत करायची असली की एक गोष्ट सांगतात, ठेवून घ्यायची असली की दुसरी.

आजारी आहे म्हणालीस, मी न्यायला निघालो. बरा आहे म्हणालीस, मी आनंदाने न्यायला निघालो. आता पुन्हा आजारी. ताई, दोन्ही वेळा मी न्यायला निघालो की तुझी बातमी बदलते. याचा अर्थ मी काय काढायचा?

एक बोलायचं नव्हतं, पण बोलतो. आईच्या वेळी तू मला लिहिलंस की आईला आराम आहे, परीक्षा संपवून ये. मी सगळे पेपर देऊन आलो तेव्हा आईची खाटसुद्धा उचलून झाली होती. तू माझ्या भल्यासाठी केलंस, सगळे हेच म्हणाले. मीही म्हटलं. पण त्यानंतर तुझ्या कुठल्याही पत्रावर माझा सरळ विश्वास बसलेला नाही, हे तुला आज सांगतो.

तू एकटी आहेस. घरी गेल्यावर कुणीतरी दाराशी हवं असं तुला वाटतं, ते मला समजतं. त्यासाठी कुत्रं पाळ. माझ्या मुलीचं ठेवून घेऊ नकोस.

बाराला येतोच आहे.

बाळ


दि. १४ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुला मी स्वतंत्र पत्र कधी लिहिलेलं नाही, तेव्हा दचकू नकोस. बाळ माझं वाचणार नाही म्हणून तुला लिहिते आहे.

परवा तुला बरं नव्हतं म्हणून तो एकटाच आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी टिंब्याची पिशवी भरून ठेवली होती. त्याने त्यातलं सिरप, चमचा, खाण्याची पाकिटं काढून खिडकीत मांडून ठेवली आणि म्हणाला की नाटक पुरे. मी एवढी बोलणारी बाई, पण मला भांडता आलं नाही. आधी केलेल्या चुकीचं तोंड घेऊन कुणाशी भांडणार? टिंब्या त्याच्या कडेवर बसून मजेत गेला. गाडीत बसायला त्याला फार आवडतं.

त्या सगळ्या वस्तू या पार्सलमध्ये पाठवते आहे. पोचल्या की त्याच क्षणापासून चालू कर. प्रमाण कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. सिरपने त्याचं पोट पातळ होईल. घाबरू नकोस, तसंच व्हायला हवं. गोल फिरला किंवा भिंतीला डोकं लावून उभा राहिला तर उचलून थेट डॉक्टर. बाळला विचारत बसू नकोस.

माझ्यावर विश्वास ठेव असं कुठल्या तोंडाने म्हणू? तुझ्या डोळ्यांवर ठेव. त्याच्याकडे नुसतं बघत राहा.

तुझी,
ताई


दि. २९ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायला चार दिवस लागले. टिंब्या पंचवीस तारखेला सकाळी गेला. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं मला लिहिताच येणार नाही.

तुमचं पार्सल सतरा तारखेला आलं. मी यांना न सांगता दोन दिवस सिरप दिलं. तिसऱ्या दिवशी त्याने नव्या गालिच्यावर घाण केली. यांना बाटली सापडली. हे म्हणाले, ताईने जुलाबाचं औषध पाठवलंय. आपण कंटाळून कुत्रं परत पाठवावं म्हणून. बाटली बेसिनमध्ये ओतली. ताई, मी तिथेच उभी होते. तुमचा कागद माझ्या हातात होता. मी एवढंच म्हणाले की थोडं ठेवू या का. हे नाही म्हणाले आणि मी कागद घडी करून ठेवला.

सुरुवातीला तो छान दिसायचा. जे देऊ ते खायचा, हे मला बोलावून बोलावून दाखवायचे. छकुलीच्या वाढदिवसाला बाकीच्या पोरांनी त्याला आपापल्या ताटातलं चिकन भरवलं. जेवणं झाल्यावर तो अंगणात गोल गोल फिरायला लागला. पोरांना वाटलं नाचतोय. टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात होते, टाळ्या ऐकून बाहेर आले. तेव्हा तो भिंतीला डोकं लावून उभा होता. मला कळलं. मी म्हणाले डॉक्टरकडे नेऊ या. हे म्हणाले रुसलाय, ताईने लाडावून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी त्याला दिसेना, दारावर आपटायचा. संध्याकाळी झटके सुरू झाले.

डॉक्टरांनी विचारलं, जन्मजात काही दोष होता का. हे म्हणाले, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. ताई, त्यांच्यासमोर, माझ्यासमोर असं म्हणाले. मग मी बोलले. सगळं सांगितलं, यकृत, शीर, सिरप. डॉक्टरांनी औषध कधीपासून बंद आहे ते विचारलं आणि मान खाली घालून काम करत राहिले. रात्रभर सलाईन लावलं होतं. उपयोग झाला नाही.

छकुलीला वाटतं तिच्या मैत्रिणींनी भरवलं म्हणून तो गेला. ती एकीशीही बोलत नाही. यांचं तर काही खरं नाही. दुकानात जातात, येतात, जेवत नाहीत. त्यांनी तुमची सगळी पत्रं काढली आहेत आणि तो डॉक्टरीणबाईंचा कागद पुन्हा पुन्हा वाचतात. काल मला म्हणाले, ताईला विचार, तो तसाही वाचला नसता ना?

म्हणून विनंती करते. तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा. ऑपरेशन करूनही फरक पडला नसता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढंच. खरं असो नसो. ते तुमच्याच शब्दाची वाट बघताहेत.

माझ्यावर राग धरलात तरी चालेल. पत्र मात्र टाका.

तुमची,
धाकटी


दि. ४ मे

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

धाकटीचं पत्र मिळालं. तू काय विचारलंस तेही तिने लिहिलं आहे. तिच्यावर चिडू नकोस, त्या घरात तिनेच काय ते डोळे उघडे ठेवले. छकुलीला जवळ घे आणि सांग की तिच्या मैत्रिणींचा काही दोष नाही. हे तिला तूच सांगायला हवंस. दुसऱ्या कुणी सांगून उपयोग नाही.

मी तीन दिवस ते दोन ओळींचं पत्र लिहायला बसते आहे. जमणार नाही असं नाही. मला असली पत्रं चांगली जमतात. आईच्या वेळी तू तिकडे अभ्यासाला बसलास आणि मी इथे ‘आराम आहे’ लिहीत राहिले. तू सुखाने पेपर दिलेस आणि मला वाटलं, मी फार मोठं काम केलं. मार्चमध्ये पुन्हा तेच केलं. तू माझं तिसरं पत्र खरं मानलं नाहीस, कारण दुसरं मी खोटं लिहिलं होतं. तेवढा टिंब्या मी मारला. ते मी कुणावर ढकलत नाही. लॅबमधून येते, दार उघडते, बूट काढायला खाली वाकते आणि तशीच बसून राहते.

पण बाळ, बाटली तू ओतलीस. भिंतीला डोकं लावून उभा असलेला जीव तुझ्या डोळ्यांसमोर होता, तिथे माझं पत्र खरं की खोटं याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांना ‘कुणी सांगितलं नाही’ म्हणालास तेव्हा तुझ्या कपाटात माझा कागद होता. तो भाग मी माझ्या अंगावर घेणार नाही. लहानपणापासून तुझं फुटलेलं सगळं मी माझ्या नावावर घेत आले, म्हणून तुला सवय झाली असेल. हे घेणार नाही.

परवा दोन तारीख होती. नाव काढायला मी इस्पितळात गेले. कळवलं असतं तरी चाललं असतं, पण गेले. सर्जन स्वतः बाहेर आले. त्यांना मी सगळं सांगितलं आणि तुझा प्रश्न विचारला. माझे कान असे, म्हणून त्यांना उत्तर कागदावर लिहून द्यायला सांगितलं. माझ्याकडे होता तोवर पथ्य आणि औषध चालू होतं आणि झटके कधीच आले नव्हते, म्हणजे याची तब्येत ऑपरेशनला चांगली होती, असं त्यांनी लिहिलं. त्याच्या जागी त्या दिवशी एक तपकिरी कुत्री घेतली. तिची म्हातारी मालकीण माझ्या शेजारीच बाकावर बसली होती. मी ऑपरेशन होईपर्यंत तिच्याबरोबर थांबले. कुत्री नीट आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. आज माझ्याने लिहवत नाही. पुढे कधी लिहीन की नाही, सांगता येत नाही. तू विचारलं आहेस म्हणून एवढं मात्र सरळ लिहिते, आणि या वेळी विश्वास ठेव.

तो जगला असता.

ताई